डीएनएची दुरुस्ती : एका उशिरा ओळखल्या गेलेल्या शोधाचा इतिहास

२०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार या तिघांना डीएनएच्या दुरुस्तीसंबंधीच्या संशोधनाबद्दल देण्यात आले. त्या प्रसंगी या विषयाचा जो संक्षिप्त इतिहास सांगितला गेला तो साधारणतः असा : १९७० च्या सुमारास डीएनए हा अत्यंत स्थिर रेणू मानला जात असे, लिंडाल यांनी तो मुळात ठिसूळ आहे हे दाखवून दिले, आणि तो ज्या गतीने झिजतो ती पाहता पेशीत त्याच्या दुरुस्तीची काही सोय असलीच पाहिजे, या अनुमानातून दुरुस्तीच्या एंझाइमांचा शोध लागला.

हा क्रम सुटसुटीत आहे. परंतु इतिहास म्हणून तो उलटा आहे. लिंडाल यांचा या विषयावरील पहिला महत्त्वाचा निबंध १९७२ चा. त्यापूर्वी आठ वर्षे, म्हणजे १९६४ मध्येच, सूक्ष्मजंतू आपल्या डीएनएतील बिघडलेला तुकडा कापून टाकतात व रिकामी जागा नव्याने भरून काढतात, हे अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांच्या कामातून सिद्ध झाले होते. पहिले दुरुस्ती-एंझाइम १९५७-५८ मध्ये परीक्षानळीत काम करताना दिसले होते. आणि दुरुस्तीचा परिणाम तर १९४९ मध्येच छापून आला होता. म्हणजे दुरुस्ती आधी सापडली आणि तिची खरी गरज किती मोठी आहे हे मागाहून कळले. एवढेच नव्हे, तर दुरुस्ती सापडल्यानंतरही तिला 'दुरुस्ती' म्हणावयास जीववैज्ञानिकांना सुमारे पंधरा वर्षे लागली. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

याचे उत्तर उपकरणांच्या अभावात शोधण्यात फारसे हशील नाही. अडथळा होता तो एका कल्पनेचा, आणि ती कल्पना मोठ्या माणसांची होती. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांच्या योगे फळमाशीत उत्परिवर्तने घडवून आणली, तेव्हापासून जनुकाचे स्वरूप चाचपून पाहण्याचे प्रारण हे एक प्रमुख साधन बनले. १९३५ मध्ये टिमोफेयेफ-रेसोव्स्की, त्सिमर आणि डेलब्र्यूक यांनी बर्लिनमधील आपल्या कामाच्या आधारे असे प्रतिपादन केले की, जनुक म्हणजे अणूंचा एक निश्चित रचनेचा संघ होय. त्याचे स्थैर्य म्हणजे त्या अणूंमधील बंधांचे स्थैर्य. आणि उत्परिवर्तन म्हणजे एकाच आघातासरशी या संघाने एका स्थिर अवस्थेतून दुसऱ्या स्थिर अवस्थेत घेतलेली उडी. श्रडिंगर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हॉट इज लाइफ?' या छोट्या पुस्तकात हीच मांडणी उचलली आणि एका पिढीच्या भौतिकीविज्ञांना जीवविज्ञानाकडे वळविले. पिढ्यान्‌पिढ्या जनुक न बदलता कसा टिकतो, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर पुंजभौतिकीचे होते. टिकणे हा त्या द्रव्याचा गुण ठरला. ते टिकविण्यासाठी पेशीला काही करावे लागते असे नव्हे.

याच विचाराशी 'लक्ष्य-सिद्धांत' निगडित होता. प्रारणाची मात्रा आणि वाचलेल्या जंतूंचे प्रमाण यांचा लघुगणकी आलेख सरळ रेषेत आला, की एका आघातात काम झाले असे समजावयाचे आणि रेषेच्या उतारावरून लक्ष्याचे आकारमान काढावयाचे. डी. ई. ली यांच्या १९४६ च्या ग्रंथात हे गणित अतिशय सफाईने मांडलेले आहे. मात्र या गणितात पेशीचे स्थान चांदमारीच्या मैदानावरील फळ्याचे होते. गोळी लागली की छिद्र पडले. फळा काही ते बुजवीत नाही. किरणांचा झोत बंद झाला की प्रयोग संपला. त्यानंतर बशा कोठे ठेवल्या, किती उष्ण जागी ठेवल्या, किती वेळ ठेवल्या, याचा निकालाशी संबंध असावा असे या सिद्धांतात काहीच नव्हते. निकालात फरक पडलाच तर तो प्रयोगकर्त्याचा गलथानपणा.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. रंगसूत्रांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्यांना तुटलेली टोके पुन्हा जुळतात हे ठाऊक होते. कार्ल सॅक्स यांनी ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतीवर प्रयोग करून १९३९ च्या सुमारास दाखविले होते की, क्ष-किरणांची तीच मात्रा एकदम न देता विभागून दिली तर रंगसूत्रांतील अदलाबदली कमी होतात. अर्थातच मधल्या काळात काही तुटी सांधल्या जात असल्या पाहिजेत. बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी मक्यातील तुटलेल्या रंगसूत्रांची टोके कशी जुळतात याचा बारकाईने माग घेतला होता. परंतु हे सांधणे म्हणजे चिकट टोके एकमेकांस चिकटणे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. त्यामागे एंझाइमांची यंत्रणा असेल असा तर्क कोणी पुढे रेटला नाही, आणि रंगसूत्रे पाहणाऱ्यांचे हे ज्ञान जंतूंवर काम करणाऱ्यांच्या दालनात फारसे पोहोचले नाही.

आता १९४८ कडे वळू. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्बर्ट केल्नर हे स्ट्रेप्टोमायसेस ग्रिझियस या जंतूवर काम करीत होते. स्ट्रेप्टोमायसिन ज्यापासून मिळते तोच हा जंतू. नवी प्रतिजैविके देणारे उत्परिवर्ती वाण मिळवावेत, या व्यावहारिक हेतूने ते त्याच्या बीजुकांवर जंबुपार किरण, म्हणजे वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य किरण, सोडीत असत. बहुतेक बीजुके मरत. जी थोडी वाचत त्यांतून उत्परिवर्ती वाण शोधावयाचे. पण वाचणाऱ्यांची संख्या काही केल्या स्थिर येईना. तीच मात्रा, तेच वाण, तोच द्रव; आणि वाचणाऱ्यांच्या प्रमाणात प्रचंड तफावत. केल्नर यांना प्रथम तापमानाचा संशय आला. किरण दिल्यानंतर बीजुके कोणत्या तापमानात ठेवली जातात यावर त्यांचे सावरणे अवलंबून असावे, या समजुतीने त्यांनी दर्शनी बाजूला काच असलेल्या जलपात्रात बाटल्या टांगून प्रयोग केले. तापमान काटेकोर ठेवूनही तफावत गेली नाही. ते जलपात्र खिडकीजवळच्या टेबलावर होते आणि काही बाटल्यांवर इतरांपेक्षा अधिक उजेड पडत होता. ही गोष्ट लक्षात येताच त्यांनी निम्म्या बाटल्या अंधारात ठेवल्या व निम्म्या उजेडात. उजेडातील बीजुकांचे वाचण्याचे प्रमाण अंधारातील बीजुकांच्या मानाने लाखपटीहूनही अधिक भरले. हा निबंध फेब्रुवारी १९४९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाची गणना सहसा 'दैवयोगाने लागलेल्या शोधां'त होते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. खिडक्या सर्वच प्रयोगशाळांना होत्या, आणि जंबुपार किरणांचा मारा करून जंतू मोजण्याचे काम त्या काळी अनेक ठिकाणी चालू होते. इतकेच काय, १९३३ मध्ये हाउसर आणि फॉन ओमके यांनी केळ्याच्या सालीवर जंबुपार किरणांनी पडणारा तपकिरी डाग दृश्य प्रकाशाने कमी होतो असे नोंदविलेले आहे. पण केळ्याच्या सालीवरून जनुकाविषयी कोणी काही अनुमान काढले नाही. केल्नर यांचे वैशिष्ट्य हे की, आकड्यांतील विस्कळीतपणा सरासरी काढून झाकून न टाकता त्यांनी त्यालाच प्रश्न मानले. ते लक्ष्य-सिद्धांताच्या संप्रदायातले नव्हते. एका मर्यादित, उपयुक्त कामासाठी त्यांना विश्वसनीय आकडे हवे होते, आणि ते मिळेनात म्हणून ते अस्वस्थ होते. त्यांच्या वाटेत सिद्धांत आडवा आला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास इंडियाना विद्यापीठात, साल्वादोर लूरिया यांच्या प्रयोगशाळेत, रेनातो दुल्बेको हे बॅक्टेरियोफाजांवर, म्हणजे जंतूंना मारणाऱ्या विषाणूंवर, काम करीत होते. जंबुपार किरणांनी निष्प्रभ केलेले फाज व त्यांचे आश्रयी जंतू असलेल्या काही बशा दिव्याखालील टेबलावर तासन्‌तास राहून गेल्या, आणि अंधारात ठेवलेल्या बशांपेक्षा त्यांच्यावर कितीतरी अधिक फाज पुन्हा सक्रिय झालेले आढळले. दुल्बेको यांच्या कामातील महत्त्वाचा मुद्दा असा की, एकट्या फाजावर प्रकाश टाकून काही घडत नव्हते. फाज जंतूला चिकटल्यावरच प्रकाशाचा उपयोग होई. याचा सरळ अर्थ, दुरुस्तीला लागणारे काहीतरी जंतूच्या पेशीत होते. जेम्स वॉटसन त्या वेळी त्याच प्रयोगशाळेत विद्यार्थी होते व क्ष-किरणांनी निष्प्रभ झालेल्या फाजांवर आपला पीएच. डी.चा प्रबंध लिहीत होते. तीन-चार वर्षांनी क्रिक यांच्यासह त्यांनी डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना मांडली आणि तीत पुनरावृत्ती कशी होत असावी हे सुचविले. परंतु एक साखळी बिघडली तर दुसरीवरून ती पुन्हा लिहिता येईल, हा विचार १९५३ च्या लेखनात नाही. क्रिक यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मधील आपल्या आठवणींत ही चूक मोकळ्या मनाने कबूल केली आहे. दुरुस्तीतील एंझाइमांचा वाटा आमच्या ध्यानातच आला नाही, असे सांगून डीएनएसारख्या अनमोल द्रव्यासाठी दुरुस्तीच्या अनेक निरनिराळ्या यंत्रणा असणार हे आपणांस क्लॉड रूपर्ट यांच्या कामामुळे मागाहून उमगले, असे ते म्हणतात.

अशा वेळी शब्दांकडे लक्ष दिले म्हणजे विचारांची गती कळते. केल्नर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात 'बरे होणे' या अर्थाचा शब्द वापरला आहे. दुल्बेको यांनी 'पुन्हा सक्रिय होणे' या अर्थाचा. १९४९ मध्येच रॉबर्ट्स व ऑल्डस यांनी किरणांचा मारा झालेले जंतू पोषणरहित द्रवात काही काळ ठेवले तर त्यांतील अधिक जंतू वाचतात असे दाखविले. त्यांचाही शब्द 'बरे होणे' हाच. हे सर्व शब्द रोग्याचे वर्णन करतात, वैद्याचे नाही. जंतू बरा होतो, फाज जागा होतो. पण कोण काय करतो आणि कोणत्या वस्तूवर करतो, याविषयी ते मौन पाळतात. दुरुस्ती हा शब्द वापरावयाचा तर काय बिघडले आहे ते आधी माहीत हवे, आणि ते १९४९ मध्ये कोणालाच माहीत नव्हते. जंबुपार किरण मारतात ते न्यूक्लिइक अम्लात शोषले जाऊन, हे १९३० च्या सुमारास फ्रेडरिक गेट्स यांच्या मोजणीवरून सूचित झाले होते आणि १९३९ मध्ये हॉलेंडर व एमन्स यांनी उत्परिवर्तनांच्या बाबतीत तसेच दाखविले होते. पण शोषल्यानंतर त्या रेणूत नेमके काय बदलते?

ही कोंडी दोन बाजूंनी फुटली. पहिली बाजू एंझाइमांची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रूपर्ट, गुडगल आणि हेरियट यांनी हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जंतूचा डीएनए घेतला. हा डीएनए दुसऱ्या जंतूत शिरून त्यास स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देण्याचा गुण देऊ शकतो. जंबुपार किरणांनी ही शक्ती मावळते. अशा मावळलेल्या डीएनएत एश्चेरिकिया कोलायचा गाळीव अर्क मिसळून त्यांनी तो प्रकाशात ठेवला, आणि गेलेली शक्ती परत आली. अर्क तापविला तर काही होत नसे. नुसत्या प्रकाशानेही काही होत नसे. जिवंत पेशीच्या बाहेर, काचेच्या नळीत, एका प्रथिनाने डीएनएला पूर्वस्थितीवर आणल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे यीस्टमधील एंझाइम वापरून रूपर्ट यांनी आणखी एक सुंदर गोष्ट दाखविली : हे एंझाइम बिघडलेल्या डीएनएला अंधारातच जाऊन चिकटते आणि प्रकाशाची वाट पाहत राहते, प्रकाश मिळाला की काम करून सुटते. बिघडलेला डीएनए ओळखणे आणि तो सुधारणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे येथे प्रथमच डोळ्यांना दिसावे इतके स्पष्ट झाले.

दुसरी बाजू रसायनाची. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे ब्यूकर्स आणि बेरेन्ड्स हे थायमीनवर जंबुपार किरणांचा काय परिणाम होतो ते पाहत होते. पाण्यातील द्रावणात विशेष काही घडेना. द्रावण गोठवून बर्फ केल्यावर मात्र थायमीन झपाट्याने बदलले. गोठल्यामुळे शेजारी-शेजारी आलेले दोन थायमीन रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचे द्विवारिक बनत होते. त्यांचा निबंध १९६० चा. डीएनएच्या साखळीत थायमिने मुळातच एकावर एक रचलेली असतात. तेव्हा तेथेही हेच घडत असणार, हे उघड होते. १९६२ मध्ये वुल्फ आणि रूपर्ट यांनी दाखविले की, प्रकाशावर चालणारे ते एंझाइम हीच द्विवारिके नाहीशी करते. आता बिघाडाला नाव मिळाले होते आणि तो मोजता येत होता.

तिसरी सामग्री आनुवंशिकीविज्ञांनी आधीच जमवून ठेवली होती. एव्हलिन विट्किन यांना १९४४ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थिदशेत असताना, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथेच, जंबुपार किरणांना दाद न देणारे एश्चेरिकिया कोलायचे एक वाण मिळाले होते. मात्रेचा अंदाज चुकून ती जास्त पडली, जवळजवळ सर्व जंतू मेले, आणि उरलेल्या मोजक्या वसाहतींतून हे 'बी/आर' वाण हाती लागले. उलटपक्षी १९५८ मध्ये रूथ हिल यांनी किरणांपुढे तत्काळ शरण जाणारे वाण वेगळे केले. जो गुण उत्परिवर्तनाने जातो तो जनुकाच्या ताब्यात असतो, हा आनुवंशिकीचा प्राथमिक नियम. मग किरणांना तोंड देण्याची शक्तीही जनुकांच्या ताब्यात असली पाहिजे. ती केवळ द्रव्याच्या कणखरपणाची बाब असू शकत नाही.

हे तिन्ही धागे टेनेसीतील ओक रिज येथे रिचर्ड सेटलो यांच्या हातांत एकत्र आले. तेथील जीवविज्ञान-विभागाचे प्रमुख वर उल्लेखिलेले हॉलेंडरच होते. सेटलो मूळचे भौतिकीविज्ञ; शिक्षण व पहिली नोकरी येल येथे. त्यांनी पाहिले की, एकाच मात्रेनंतर कणखर व नाजूक अशा दोन्ही वाणांच्या डीएनएत द्विवारिके सारखीच तयार होतात. मग एक वाण जगते व एक मरते ते का? कणखर वाणातील डीएनएची निर्मिती थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होई. नाजूक वाणात ती बंद पडे ती बंदच. आणि हे सर्व अंधारात, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या एंझाइमाचा येथे संबंध नव्हता. सेटलो व त्यांचे सहकारी विल्यम कॅरियर यांनी किरणोत्सर्गी थायमीनच्या साह्याने द्विवारिकांचा माग काढला तेव्हा कळले की, कणखर जंतूत ती फुटत नाहीत. ती डीएनएच्या लांब साखळीतून निघून लहान तुकड्यांत जमा होतात. नाजूक वाणात ती जेथल्या तेथे राहतात. येल येथे बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी दुसऱ्या वाणांवर हाच निष्कर्ष काढला. दोन्ही निबंध १९६४ च्या फेब्रुवारीत, केल्नर यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला होता त्यातच, प्रसिद्ध झाले. सेटलो व कॅरियर यांच्या शीर्षकात 'चूक सुधारणारी यंत्रणा' या अर्थाचे शब्द आहेत. पंधरा वर्षांनी रोग्यावरून दृष्टी वैद्याकडे वळली ती येथे.

कापलेली जागा भरली जाते याचा पुरावा त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथून आला. फिलिप हॅनावॉल्ट हे सेटलो यांचे येलमधील विद्यार्थी. ते व डेव्हिड पेटिजॉन यांनी जंतूंना थायमीनऐवजी जड असे ब्रोमोयुरॅसिल पुरविले. नेहमीच्या पुनरावृत्तीत नवी साखळी सबंध जड व्हावयास हवी. किरणांचा मारा झालेल्या जंतूंत मात्र नवे द्रव्य जुन्याच वजनाच्या डीएनएत, इतस्ततः, लहान लहान ठिगळांच्या रूपाने आढळले. जीर्ण पोथीतील वाळवीने खाल्लेला भाग कापून तेवढ्याच जागी नवा कागद डकवावा आणि शेजारच्या प्रतीवरून मजकूर उतरावा, तसा हा प्रकार. दोन प्रती असण्याचा हा उपयोग १९५३ नंतर अकरा वर्षांनी ध्यानात आला.

पण खाल्लेला भाग पेशीला कळतो कसा? या प्रश्नाचे प्रारंभिक उत्तरही याच काळातले आहे आणि त्याची योग्य ती दखल घेतली जात नाही असे वाटते. हॅनावॉल्ट आणि रॉबर्ट हेन्स यांना १९६५ मध्ये आढळले की, जंबुपार किरणांच्या बिघाडावर चालणारी यंत्रणाच नायट्रोजन मस्टर्ड या अगदी वेगळ्या रासायनिक विषाने झालेल्या बिघाडावरही चालते. यावरून त्यांनी असे सुचविले की, यंत्रणा बिघाडाचे रासायनिक स्वरूप ओळखीत नाही. सदऱ्याची घट्ट बाही हातावरून सरकवावी आणि जेथे ती अडेल तेथे सूज आहे असे समजावे, तशी ती मळसूत्राची ठेवण चाचपत जाते. दोषांचे प्रकार अगणित. निर्दोष मळसूत्राचा घाट एकच. प्रत्येक दोषासाठी स्वतंत्र पारखी ठेवण्याऐवजी निर्दोषपणाचा एकच पारखी ठेवणे शहाणपणाचे. पुढील काळात हा तर्क बव्हंशी खरा ठरला. मानवी पेशीत हे काम करणारे एक्सपीसी हे प्रथिन १९९८ मध्ये प्राथमिक पारखी म्हणून पुढे आले. आणि यीस्टमधील त्याच्या भावंडाची २००७ मध्ये मिन व पाव्हलेटिच यांनी उलगडलेली रचना असे दाखविते की, ते बिघडलेल्या तळाला हातही लावीत नाही. दोन साखळ्यांमध्ये आपला एक फाटा खुपसून ते पकडते समोरच्या, न बिघडलेल्या साखळीतील तळांना. जेथे जोड ढिली असेल तेथेच असा फाटा सहज शिरतो.

अर्थात हा एकच मार्ग नाही. हॅनावॉल्ट यांच्याच प्रयोगशाळेत १९८५-८७ मध्ये बोर व मेलन यांच्या कामातून दिसले की, वापरात असलेल्या जनुकांची दुरुस्ती आधी होते. जनुक वाचीत जाणारे आरएनए पॉलिमरेज बिघाडापाशी अडकून पडते व तेच धोक्याची खूण ठरते. मॉड्रिच ज्या प्रश्नाकडे वळले तो तर निराळाच होता. नक्कल करताना चुकीचा तळ बसला तर दोन्ही साखळ्या रासायनिकदृष्ट्या निर्दोष असतात. फक्त पाठ जुळत नाही. मूळ पाठ कोणता? वॅग्नर व मेसेल्सन यांनी १९७६ मध्ये सुचविले की, जुन्या साखळीवरील मेथिल गटांच्या खुणा नव्या साखळीवर अद्याप उमटलेल्या नसतात, त्यावरून पेशी जुनी प्रत ओळखीत असावी. मॉड्रिच यांनी १९८३ पासून १९८९ पर्यंत एश्चेरिकिया कोलायमधील सर्व घटक एकेक करून वेगळे काढले व परीक्षानळीत एकत्र आणून ही क्रिया घडवून दाखविली. पोथ्यांचे पाठ लावणाऱ्यांना यात आपलेच काम दिसावे.

१९६४ नंतरही दुरुस्ती हा जंतूंवर काम करणाऱ्यांचाच विषय राहिला असता. सस्तन प्राण्यांच्या पेशींत किरणांनंतर अवेळी डीएनए तयार होतो हे रॅस्मुसेन आणि पेंटर यांनी १९६४ मध्येच दाखविले होते, पण त्याचे महत्त्व सिद्ध करण्यास दुरुस्ती न करणारी मानवी पेशी हवी होती. सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स क्लीव्हर यांच्या वाचनात वर्तमानपत्रातील एक वृत्त आले. त्यात झिरोडर्मा पिगमेंटोझम या दुर्मिळ आनुवंशिक रोगाची माहिती होती. मॉरित्झ कापोसी यांनी व्हिएन्ना येथे १८७० च्या दशकात वर्णिलेल्या या रोगात मुलांची त्वचा उन्हाने कोरडी व डागाळलेली होते आणि लहान वयातच तिच्यावर कर्करोगाच्या गाठी उठतात. क्लीव्हर यांनी अशा रोग्यांच्या त्वचेतील पेशी मिळवून तपासल्या. त्यांत ठिगळे लावण्याची क्रिया जवळजवळ होतच नव्हती. हा निबंध १९६८ चा. त्यानंतर रॉटरडॅम येथे बोट्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या रोग्यांच्या पेशी एकमेकींत मिसळून दाखविले की, काही जोड्या मिळून दुरुस्ती करू शकतात; म्हणजे बिघाड एकाच जनुकात नव्हे. आज असे सात गट व एक निराळा प्रकार ज्ञात आहे. दुरुस्ती नसेल तर काय होते, याचे उत्तर त्या मुलांच्या अंगावर लिहिलेले होते. ते वाचावयास सुमारे शंभर वर्षे लागली.

आता लिंडाल. वरील सर्व कामांत बिघाड बाहेरून येतो : किरण, विष, प्रयोगकर्त्याचा दिवा. ऊन टाळले, विष टाळले, तर डीएनए आपोआप टिकून राहील, ही श्रडिंगरकालीन श्रद्धा १९६४ च्या शोधांनीही ढळली नव्हती. दुरुस्ती होती, पण आपत्काली उपयोगी पडणारी. लिंडाल यांना प्रिन्स्टन येथे आरएनएवर काम करताना तो उष्णतेने किती लवकर विघटित होतो याचा अनुभव आला होता. डीएनएही असाच, पण सावकाश, विघटित होत असेल काय? स्वीडनमध्ये परतल्यावर १९७२ मध्ये त्यांनी न्यूबर्ग यांच्यासह शुद्ध डीएनए केवळ पाण्यात ठेवून त्यातून प्यूरीन तळ गळण्याची गती मोजली. त्यावरून सस्तन प्राण्याच्या एका पेशीत दररोज हजारो तळ आपोआप गळत असले पाहिजेत, असा हिशोब निघाला; लिंडाल यांनी १९९३ मध्ये दिलेला आकडा २,००० ते १०,००० असा आहे. याशिवाय सायटोसिनचे युरॅसिल होते तेही पाण्यामुळेच. असे युरॅसिल काढून टाकणारे एंझाइम असले पाहिजे असे मानून त्यांनी ते शोधले आणि १९७४ मध्ये एश्चेरिकिया कोलायमध्ये ते त्यांना सापडले. १९९६ मध्ये मानवी एंझाइमाची रचना पाहिली तेव्हा आढळले की, ते संशयित तळ मळसूत्रातून बाहेर वळवून आपल्या खोबणीत घालून पाहते. बसला तर कापते. डीएनएत युरॅसिलऐवजी थायमीन का असावे, या जुन्या प्रश्नालाही येथे समाधानकारक उत्तर मिळाले : युरॅसिल हाच अधिकृत तळ असता, तर सायटोसिनपासून झालेला तोतया कसा ओळखता आला असता?

तेव्हा लिंडाल यांचे श्रेय कमी नाही. फक्त ते वेगळ्या ठिकाणी आहे. दुरुस्तीचा शोध त्यांचा नव्हे. जनुकाचे स्थैर्य हा द्रव्याचा गुण नसून पेशीचे अखंड चाललेले काम आहे, हे त्यांनी सिद्ध केले, आणि १९३५ च्या मांडणीचा शेवटचा खांब त्यामुळे पडला. पारितोषिकाच्या नियमांत तिघांहून अधिकांस जागा नाही. त्यामुळे २०१५ मध्ये हॅनावॉल्ट यांचे नाव आले नाही. विट्किन यांना त्याच वर्षी स्टीफन एलेज यांच्यासह लास्कर पारितोषिक मिळाले. त्या १०२ वर्षांच्या होऊन २०२३ मध्ये निवर्तल्या. सेटलो त्या वर्षीच्या घोषणेच्या काही महिने आधीच वारले होते.

रूपर्ट यांचा धागा मात्र सँजार यांच्यापर्यंत सरळ पोहोचतो. १९७० च्या दशकात सँजार हे तुर्कस्तानातून टेक्सासमधील डलास येथे रूपर्ट यांच्याकडे विद्यार्थी म्हणून आले, आणि प्रकाशावर चालणाऱ्या त्याच एंझाइमाचे जनुक त्यांनी १९७६ मध्ये वेगळे केले. येल येथे डीन रप यांच्याकडे असताना १९८३ मध्ये त्यांनी द्विवारिके कापणारी यंत्रणा शुद्ध घटकांतून उभी केली व ती बिघाडाच्या दोन्ही बाजूंस काप घेऊन १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा काढते हे दाखविले. केल्नर यांच्या बाटल्यांतील एंझाइम माणसात आहे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला होता. सँजार यांच्याच प्रयोगशाळेने १९९३ मध्ये ते माणसात नाही असा निर्वाळा दिला. कांगारूच्या वर्गातील प्राण्यांत ते आहे. वार असलेल्या सस्तन प्राण्यांनी ते गमावले आहे. त्या कुळातील जी प्रथिने आपल्या पेशींत उरली आहेत ती क्रिप्टोक्रोम या नावाने ओळखली जातात. ती डीएनएची दुरुस्ती करीत नाहीत, तर दिवसरात्रीच्या चक्राचे घड्याळ चालविण्यात भाग घेतात.